झडलेले हात, वसलेले गाव: वरोऱ्यातील एका भयाचा इतिहास

१

भांडणाच्या भरात एखादा मराठी माणूस 'तुझे हात झडोत' असा शाप देतो, तेव्हा आपण एका रोगाची आठवण काढतो आहोत याची त्याला बहुधा जाणीव नसते. बोटे झडणे, अंगात किडे पडणे ही सारी शापवाणी एकाच कोठारातून आलेली दिसते. शास्त्रीय परिभाषेत त्या रोगाला कुष्ठरोग म्हणतात. लोकव्यवहारात त्याला 'रक्तपिती' म्हटले गेले आणि त्याहून सर्रास 'महारोग'. पटकीने गावेच्या गावे ओस पाडली, प्लेगने शहरे रिकामी केली, देवीने घराघरांतून लेकरे नेली. तरीही 'महा' हे उपपद मिळाले ते अतिशय संथपणे वाढणाऱ्या आणि क्वचितच थेट प्राण घेणाऱ्या या रोगाला. रोगाचे हे मोठेपण मृतांच्या संख्येवरून ठरलेले नाही. ते भयाच्या मापाने ठरले, आणि ते माप भाषेने जपून ठेवले.

भाषेत मुरलेले भय माणसाच्या मनातून कसे जाते, हा या लेखाचा विषय आहे. पुस्तकांच्या दुकानांत मनोविकासाच्या ग्रंथांची फळी अलीकडे लांबत चालली आहे. स्वतःविषयीचे कोते समज टाकून द्यावेत, मनातील गाठी सोडवाव्यात, आपल्या खऱ्या रूपात जगावे, असा त्या ग्रंथांचा एकंदर उपदेश असतो. उपदेशात वावगे काही नाही. त्यामागचे गृहीतक मात्र आम्हांला तपासून पाहावेसे वाटते. ते गृहीतक असे की, भीती मनात असते, म्हणून तिच्याशी सामना मनातच व्हावयाचा. एकदा निश्चय झाला की उरलेले आयुष्य त्या निश्चयामागून आपोआप चालू लागते. हे तपासण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन वनजिल्ह्यांच्या गेल्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासात त्याचा पुरेसा पुरावा आहे. त्यातही वरोऱ्याच्या आनंदवनाची कथा अशी आहे की, ती सर्वांना ठाऊक आहे आणि ठाऊक असल्यामुळेच ती नीट वाचली जात नाही.

२

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे एका जहागीरदार घराण्यात झाला. तारुण्यात बंदूक, मोटार आणि इंग्रजी चित्रपट हे त्यांचे शोक होते. कायद्याची पदवी घेऊन ते वरोऱ्यास वकिली करू लागले. रेल्वेच्या प्रवासात एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकट्याने आडवे गेले. ही हकीगत गांधीजींच्या कानी गेल्यावर त्यांनी या तरुणाला 'अभयसाधक' म्हटले. १९४६च्या डिसेंबरात नागपूरच्या घुले घराण्यातील इंदूताईंशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे साधनाताई म्हणून ओळखल्या गेल्या. या दांपत्याने वरोऱ्यास श्रमाश्रम काढला. बाबा नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, भंग्यांच्या प्रश्नात पडले आणि त्यांचे काम समजून घ्यावयाचे म्हणून स्वतः मैल्याच्या पाट्या डोक्यावरून वाहू लागले.

त्याच काळातील एका पावसाळी रात्री वाटेच्या कडेला, गटाराजवळ, त्यांना तुळशीराम दिसला. कुष्ठरोगाची अखेरची अवस्था होती. हातापायांची बोटे गेलेली, जखमांत किडे पडलेले. बाबा तेथून पळाले. घरी आल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना. याच ठिकाणी आपली पत्नी किंवा आपण स्वतः असतो तर, या प्रश्नाने त्यांना परत फिरवले. त्यांनी तुळशीरामाला खाऊ घातले आणि पावसापासून आडोसा म्हणून बांबूचे छप्पर उभारले. पुढे तुळशीरामाचा मृत्यू झाला.

ही कथा शालेय पाठांतून, व्याख्यानांतून आणि गौरवग्रंथांतून इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, तिला महानुभावी दृष्टान्तासारखा घोटीव आकार आला आहे. दृष्टान्तात घटना थोडी आणि तात्पर्य मोठे असते. येथील तात्पर्य असे काढले जाते की, थोर पुरुषाने एका रात्रीत भयावर मात केली आणि सेवेचे व्रत घेतले. हे दोन्ही भाग इतिहासाशी जुळत नाहीत.

पहिली गोष्ट अशी की, भय एका रात्रीत गेले नाही. त्यानंतरचे कित्येक महिने तीव्र अस्वस्थतेत गेल्याचे बाबा स्वतःच सांगत. आपल्याला कशाचीही भीती वाटत नाही, अशी या माणसाची ठाम समजूत होती आणि तिच्यावर गांधीजींच्या शब्दाची मोहोर उमटलेली होती. जंगलातले श्वापद, शस्त्रधारी सैनिक, गावातील सनातनी मंडळींचा रोष, यांपैकी कशापुढेही ते हटलेले नव्हते. मग एका असहाय, हलताही न येणाऱ्या माणसापुढून ते का पळाले? त्या रात्री त्यांना तुळशीरामाचे दर्शन झाले, त्याचबरोबर स्वतःच्या ओळखीतील खोटेपणाचेही झाले. माणसाला रोखून धरणारे समज नेहमी न्यूनत्वाचेच असतात असे नाही. 'मी निर्भय आहे' हाही असाच एक समज होता आणि तो मोडल्याशिवाय पुढचे काही घडणार नव्हते.

दुसरी गोष्ट सेवाव्रताची. आपण कुष्ठकार्यात कोणावर उपकार करावे म्हणून पडलो नाही, स्वतःच्या मनातील ते भय काढावे म्हणून पडलो, असे बाबांचे सांगणे होते. लोकांचा त्यात लाभ झाला, तो ओघाने. चरित्रकार ही कबुली विनयाचा नमुना म्हणून देतात. आम्हांला ती शब्दशः घ्यावीशी वाटते. ती तशी घेतली म्हणजे पुढच्या वर्षांतील प्रत्येक पावलाचा अर्थ बदलतो.

३

ती पावले कोणती, हे क्रमाने पाहू. वरोऱ्याच्या शेजारचा वर्धा जिल्हा या बाबतीत आधीच जागा झालेला होता. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केले होते. सेवाग्रामात संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने ग्रासलेल्या अवस्थेत येऊन राहिले होते, आणि गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करीत. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारले होते. म्हणजे बाबांना जे करावयाचे होते, ते करणारी माणसे त्यांच्या परिसरात होती. भयावरचा हा उपाय कोणा एकट्याच्या अंतःकरणात उगवलेला नव्हता. तो विदर्भातील एका छोट्या परंपरेने आधीच अंगीकारलेला होता. बाबा त्या परंपरेत शिकाऊ म्हणून दाखल झाले, वरोऱ्यात रुग्णांच्या जखमा धुऊ लागले आणि १९४९मध्ये कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या वैद्यकीय विद्यालयात कुष्ठरोगाचे शिक्षण घेण्यास गेले.

हे वर्षही लक्षात घेण्यासारखे आहे. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील हॅन्सन या वैद्याने १८७३ साली दाखवून दिला होता. त्यामुळे हा रोग पूर्वजन्मीचे पाप नव्हे, हे शास्त्राला पाऊणशे वर्षे ठाऊक होते. हुकमी औषध मात्र नव्हते. सल्फोन गटातील औषधांचा उपयोग १९४१ साली अमेरिकेत दिसून आला आणि त्याच गटातील डॅप्सोन हे स्वस्त औषध चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस वापरात येऊ लागले. हा रोग बरा होऊ शकतो असे सांगण्याची सोय ज्या क्षणी झाली, नेमक्या त्याच क्षणी बाबा कलकत्त्यात होते. प्रयोगशाळेत या जंतूची वाढ करता येत नव्हती, म्हणून संशोधनाला मानवी शरीराची गरज होती. बाबांनी स्वतःचे शरीर देऊ केले, जंतू टोचून घेतले. रोग त्यांच्या अंगी लागला नाही. बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जंतूला आवर घालण्याची शक्ती निसर्गतःच असते, हे आता सर्वमान्य आहे.

या सर्व क्रमात मन कोठे आहे? आम्हांला असे दिसते की, ते प्रत्येक वेळी हातांच्या एक पाऊल मागे आहे. आधी बांबूचे छप्पर, मग जखमा धुणे, मग अभ्यास, मग सुई टोचून घेणे. भीती संपली म्हणून स्पर्श केला असे झाले नाही. स्पर्श करीत राहिले, आणि त्या ओघात कधीतरी भीती गेली. निश्चयाला येथे स्थान आहे, पण तो पुन्हापुन्हा करावा लागलेला निश्चय आहे.

येथे साधनाताईंचा उल्लेख तळटीपेसारखा करून चालणार नाही. त्यांचे आत्मकथन 'समिधा' या नावाने प्रसिद्ध आहे. होमात समिधा पडते, ज्वाला दिसते ती अग्नीची. शीर्षकातच हे सारे आले. १९५१ साली आनंदवन सुरू झाले तेव्हा विकास आणि प्रकाश ही त्यांची मुले चार वर्षांचीसुद्धा नव्हती. स्वतःच्या अंगी रोग टोचून घेणे हे एका परीचे धैर्य झाले. आपली रांगती-धावती लेकरे कुष्ठरुग्णांच्या वस्तीत वाढवणे हे निराळे, आणि त्यात कसोटीचा एक क्षण नसतो. रोजची चूल, रोजची आंघोळ, रोजचा खोकला असतो. भय घालवण्याच्या या इतिहासात साधनाताईंचा वाटा तपशिलाने अधिक आणि आख्यानाने कमी सांगितला गेला आहे.

४

महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ साली झाली. वरोरा त्या वेळी चांदा जिल्ह्यात, आणि तो जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. सरकारकडून पन्नास एकर पडीक, खडकाळ, झुडपांनी भरलेली जमीन मिळाली. १९५१च्या जूनमध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचा आरंभ झाला. सहा रुग्ण, आमटे दांपत्य, दोन मुले, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, असे त्या दिवसाचे भांडवल सांगितले जाते. साप-विंचवांचा सुळसुळाट होता आणि पाण्याचा थेंब नव्हता. पहिले मोठे काम विहीर खणण्याचे होते.

आता रुग्णांच्या बाजूने पाहू. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतो. हातापायांची संवेदना जाते. चटका बसला तरी कळत नाही, काटा रुतला तरी कळत नाही, आणि न कळलेल्या जखमा चिघळत जातात. बोटे 'झडतात' हा लोकसमज शास्त्राला धरून नाही. न जाणवलेल्या इजांनी आणि त्यांतल्या संसर्गाने ती आखूड होत जातात. वेल्लोर येथे काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी याच काळात हे स्पष्ट केले आणि वाकडे झालेले हात शस्त्रक्रियेने पुन्हा कामाचे करता येतात हे दाखवले. अर्थात 'हात झडले' या शब्दप्रयोगात दोन चुका होत्या. हात झडत नव्हते, आणि जे उरत होते ते निरुपयोगीही नव्हते.

परंतु घरातून, गावातून, देवळाच्या आवारातून हाकलला गेलेला माणूस स्वतःविषयी समाजाच्याच शब्दांत विचार करू लागतो. आपण शापित आहोत, आपले हात गेले, आता भिक्षा हेच आपले कर्म, हा समज त्याच्या ठायी इतका पक्का होतो की, रोग औषधाने बरा झाला तरी तो समज तसाच राहतो. बाबांचा भिक्षेला विरोध याच कारणाने होता. दान माणसाला पंगू करते आणि श्रम त्याला घडवतात, हे त्यांचे सूत्र ऐकावयास कठोर वाटते. सुस्थितीतील माणसाने गरिबाला ते सांगितले तर ते कठोर आहेच. येथे त्याचा अर्थ निराळा होता. 'तू काम करू शकतोस' हे वाक्य त्या माणसाला आजवर कोणी म्हटलेलेच नव्हते.

आणि ते वाक्य उपदेशाने पटणारे नव्हते. त्या खडकात विहीर खणली गेली आणि पाणी लागले, तेव्हा ते पटले. त्या पाण्यावर शेत उभे राहिले. धान्य, भाजीपाला आणि दूध आपल्या गरजेपुरते होऊन उरू लागले. ज्या हातांनी हे केले, ते हात डोळ्यांपुढे होते. या पुराव्यापुढे जुना समज टिकणे अवघड होते. आत्मविश्वास हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. आनंदवनात त्याचा अर्थ मोजता येण्यासारखा होता: इतके फूट खोल, इतके पोती धान्य.

५

येथे एका कायद्याचे स्मरण करणे आवश्यक आहे. इंग्रज सरकारने १८९८ साली कुष्ठरुग्णांसंबंधी एक कायदा केला होता. सरकार तो जेथे लागू करील तेथे भीक मागत फिरणाऱ्या कुष्ठरुग्णाला पकडून आश्रमात डांबता येत असे. काही व्यवसायही त्याला मना करता येत. विक्रीसाठी खाण्यापिण्याचे पदार्थ तयार करावयाचे नाहीत आणि सार्वजनिक विहिरीचे पाणी घ्यावयाचे नाही, ही त्यांतील दोन कलमे वाचली की, आनंदवनातील पहिल्या दोन कामांचा अर्थ उजळून निघतो. तेथे सर्वप्रथम विहीर खणली गेली आणि मग अन्न पिकवून ते बाजारात नेले गेले. हा कायदेभंग नव्हता. पण कायद्याने ज्या समजुतीला लेखी रूप दिले होते तिला दिलेले हे कृतीतले उत्तर होते.

बाजाराने ते लगेच स्वीकारले नाही. कुष्ठरुग्णांच्या हातची भाजी आणि त्यांनी काढलेले दूध घेण्यास गाव कचरत होते. बाबांचे भय गेले होते, रुग्णांचे स्वतःविषयीचे समज ढिले होऊ लागले होते. पण भयाचे तिसरे घर शाबूत होते, ते म्हणजे गाव. पन्नाशीच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, बांधकामाला हात लावला, तेथेच पिकलेले खाऊन तेथेच झोपले. त्यानंतर वरोऱ्याच्या लोकांची भीड हळूहळू चेपली. यातला उपरोध दुर्लक्षिण्यासारखा नाही. शेजाऱ्याच्या हातचे खाण्यासाठी गावाला परक्या देशातील माणसांची साक्ष लागली.

पण आमच्या मते निर्णायक घटना १९६४ची आहे. त्या वर्षी महारोगी सेवा समितीने आनंद निकेतन महाविद्यालय सुरू केले. पुढच्या वर्षी कृषी महाविद्यालयही आले. आनंदवनवासीयांच्या श्रमांतून इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत शिकावयाला आली ती वरोरा परिसरातील, निरोगी घरांतील मुले-मुली. ज्यांनी रुग्णांना गावाबाहेर घालवले त्या गावांनी आपली लेकरे तेरा वर्षांच्या आत त्यांच्याच दारी पाठवली. महाविद्यालय उभारणे हे परोपकाराचे काम म्हणून आपण नेहमी ऐकतो आणि त्यात देणारा समाज व घेणारा वंचित अशी वाटणी गृहीत असते. येथे वाटणी उलटी झाली. समाजाने टाकून दिलेल्यांनी समाजाला विद्यालय दिले. अध्यापनाच्या व्यवसायात आयुष्य घालवणाऱ्या आमच्यासारख्यांना या घटनेचे मोल विशेष वाटते, हे उघड आहे. पण तो पक्षपात बाजूला ठेवला तरी, भय गावातून गेले याचा याहून ठोस पुरावा दुसरा सापडणे कठीण आहे. माणूस स्वतःविषयी बेफिकीर असू शकतो. तो आपले मूल कोठे पाठवतो यावरून त्याच्या मनात खरोखर काय आहे ते कळते.

६

भयाचा प्रवास एकाच दिशेने होत नाही, हे याच भूमीच्या दुसऱ्या टोकाला दिसते. १९८२च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली हा जिल्हा वेगळा झाला. त्याच्या दक्षिण भागातील भामरागडच्या जंगलात बाबा आमटे सत्तरच्या सुमारास मुलांसह गेले होते, तेव्हा परका माणूस दिसताच माडिया लोक पळून जात. येथे पळणारा कोण आणि ज्याच्यापासून पळावयाचे तो कोण, ही अदलाबदल मननीय आहे. बाहेरचा माणूस म्हणजे ठेकेदार, जंगलखात्याचा शिपाई, सावकार. त्या भयाला अनुभवाचा भक्कम आधार होता. १९७३च्या डिसेंबरात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे माडिया भाषा शिकून घेतली आणि रुग्णांची वाट पाहिली. भय त्यांच्या मनात नव्हते, समोरच्याच्या मनात होते. म्हणून ते घालवण्याचा भार आपल्यावर आहे, ही जाण त्या वाट पाहण्यात होती.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. आदिवासी रुग्णालयात का येत नाहीत, याचे उत्तर त्यांनी आदिवासींनाच विचारले. मिळालेली उत्तरे डॉ. बंग यांनी अनेकदा सांगितली आहेत. रुग्णालयातील माणसे पांढरे कपडे घालतात. आम्ही मेलेल्या माणसाला पांढऱ्या कापडात गुंडाळतो. तुमची इमारत मोठी, तीत आम्ही हरवतो. आणि आमच्या नातेवाइकांना तुम्ही बाहेर काढता. शहरी वैद्याने याला अंधश्रद्धा म्हटले असते. शोधग्राम येथे १९९३च्या सुमारास जे रुग्णालय झाले, ते झोपड्यांच्या पाड्यासारखे झाले, नातेवाइकांना राहण्याची सोय असलेले झाले, आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. लोकांच्या मनाला उपदेश करण्याऐवजी येथे भिंती बदलल्या.

लज्जेचीही हीच गोष्ट. गडचिरोलीतील दोन गावांत राणी बंग यांनी केलेली पाहणी १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एखादा तरी विकार होता. पूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या मात्र अवघ्या ८ टक्के होत्या. हे दुखणे बाईने सोसावयाचेच असते, त्याला नाव द्यावयाचे नसते, हा समज या दोन आकड्यांमधल्या अंतरात दडलेला आहे. राणीताईंच्या पुस्तकाचे नाव 'कानोसा' आहे. कानोसा घेणारा स्वतः बोलत नाही. आतून येणाऱ्या क्षीण आवाजासाठी तो थांबतो. स्त्रियांना 'बोलत्या व्हा' असे सांगून त्या बोलत्या होत नाहीत. ऐकणारे कोणी आहे अशी खात्री आधी व्हावी लागते.

आणि वैद्यही यातून सुटला नाही. १९९५ साली अभय बंग यांना हृदयविकाराचा झटका आला, आणि २००० साली त्यांचे 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक आले. दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या माणसाने स्वतःच्या धावपळीकडे, ताणाकडे, आहाराकडे आणि मृत्यूच्या भयाकडे पाहिले, तेव्हा त्याला तेथे एक अनोळखी माणूस दिसला, असे त्या ग्रंथाचे सार सांगता येईल. मराठीत आत्मशोधाचे लेखन थोडे नाही. परंतु रक्तातील चरबीचे आकडे, चालण्याचा नेम, ताटातले तेल आणि ध्यान यांना एकाच पंक्तीत बसवणारे आत्मशोधन विरळा. 'साक्षात्कार' हा संतवाङ्मयातील शब्द आणि 'हृदयरोग' हा दवाखान्यातला. शीर्षकाने दोघांची गाठ घातली. वरोऱ्याच्या इतिहासातून जे निघते तेच येथेही निघते. जाणीव एका क्षणात होते, जगणे मात्र रोजच्या चालण्याने आणि ताटातल्या बदलाने पालटते.

७

मग बाबा आमट्यांच्या भयमुक्तीने महारोगाचे भय गेले काय? तारखा पाहाव्यात. १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस झाली आणि पुढे तो भारतभर पोहोचला. २००५च्या अखेरीस देशातील रुग्णांचे प्रमाण दर दहा हजारांमागे एकाहून खाली आले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात बाबांचे निधन झाले आणि तेथेच त्यांचा देह मातीत पुरण्यात आला. त्याच वर्षी, कुष्ठरुग्णाला नगरपालिकेचे पद धारण करण्यास अपात्र ठरवणारी ओडिशाच्या कायद्यातील तरतूद सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. नगरपालिकेच्या उपाध्यक्षपदावरून ज्यांच्या कार्याला आरंभ झाला, त्यांच्या मृत्यूच्या वर्षातील हा निकाल आहे. १८९८चा कायदा रद्द झाला तो २०१६ साली. जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण म्हणून विवाहकायद्यांत होते, ते निघाले २०१९ साली. समितीच्या स्थापनेपासून मोजले तर सदुसष्ट आणि सत्तर वर्षे. एका माणसाला जे काही महिन्यांत साधले, ते कायद्याच्या पुस्तकाला साधण्यास दोन पिढ्या लागल्या.

या दिरंगाईचे एक कारण आम्हांला आपल्या गौरवाच्या रीतीत दिसते. बाबांना आपण 'देवमाणूस' म्हटले. हा शब्द आदराचा आहे तसा सोयीचाही आहे. देवमाणसाने जे केले ते सामान्य माणसाकडून अपेक्षित नसते. आनंदवनाला भेट देणे, तेथील सतरंजी विकत घेणे, डोळे ओले होणे आणि परत येऊन आपल्या वस्तीत कुष्ठरुग्णाला घर भाड्याने न देणे, हे सारे एकाच माणसाच्या हातून सहज होऊ शकते. कथा दृष्टान्त झाली की, ऐकणाऱ्याला तिच्यात शिरावे लागत नाही.

म्हणून वर्गात ही कथा शिकवताना ती थोडी मोडून सांगावी, असे आम्ही सुचवू. पळून जाणाऱ्या बाबांपाशी थांबावे. लगेच परत येणाऱ्या बाबांकडे धावू नये. 'समिधा' सोबत ठेवावी. तुळशीराम प्रचलित कथेत एक शब्दही बोलत नाही, हे विद्यार्थ्यांच्या नजरेस आणावे आणि विहीर खणणाऱ्या पहिल्या सहा जणांच्या बाजूने ती कथा लिहून पाहावयास सांगावी. 'महारोग' या शब्दाचा वाक्यात उपयोग करताना काय घडते, याचीही चर्चा व्हावी.

हा केवळ वाङ्मयीन व्यायाम नव्हे. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात. अंगावर एक फिकट चट्टा उठतो. तो दुखत नाही, खाजत नाही, तेथे स्पर्श कळत नाही इतकेच. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. सहा महिने किंवा फार तर वर्षभर ते घेतले की रोग बरा होतो, आणि वेळेत घेतले तर हातापायांना कसलीही इजा होत नाही. तरी चट्टा लपवला जातो, कारण त्याचे नाव काय निघेल याची भीती असते. आमच्यासमोर बाकांवर बसणाऱ्या मुलांपैकी एखाद्याच्या बाहीखाली तो चट्टा असू शकतो. त्या मुलाने तो कोणाला दाखवावा की न दाखवावा, हे ठरण्यात आपण वर्गात कोणते शब्द वापरतो याचाही वाटा असतो.